जाळीमामाला सांगितलेलं वजन

माझ्या मामाला सगळे जाळीमामा म्हणत. उमेदीची वर्षं त्याने सर्कशीत झोक्यांखालची जाळी ताणण्यात घालवली. सर्कस बुडाली आणि तो क्षेपणास्त्रांच्या प्रयोगशाळेत लागला, तेही जाळीच ताणायला.

तिथे एक हलकं यंत्र बनत होतं. शत्रूचं क्षेपणास्त्र अंतराळातच गाठून त्याला धडक द्यायची, हे त्याचं काम. चाचणीत ते मोठ्या शेडमध्ये आपल्या चिमुकल्या रॉकेटांवर अधांतरी तरंगायचं, समोरच्या दिव्यावर नजर धरायचं आणि इंजिनं थांबली की जाळीत पडायचं. हलक्या यंत्राला दुहेरी जाळी लावली तर ते उसळून बाहेर जाणार, जडाला एकेरी लावली तर ती फाटणार. म्हणून मामा आधी ओरडून विचारायचा, "वजन किती?"

"सर्कशीत झोक्यावरची बाई पोटभर जेवली असली तरी येऊन सांगायची," तो हसून म्हणायचा. "तिचाच जीव ना!"

त्या दिवशी बडे पाहुणे यायचे होते. यंत्र जास्त वेळ तरंगावं म्हणून मोठ्या साहेबांनी आत दुसरी बॅटरी बसवली. त्याने वजन वाढलं, पण व्यासपीठामागच्या फलकावर वजनाचा जुनाच हलका आकडा ठसठशीत रंगवलेला! पाहुण्यांदेखत वेगळा कसा सांगायचा? मामाने विचारलं, साहेबांनी फलकावरचाच आकडा सांगितला. मामाने एकेरी जाळी लावली. यंत्र झकास तरंगलं, टाळ्या पडल्या, आणि मग ते जाळी फाडून खाली आलं. तुटलेल्या दोराची लोखंडी कडी कोपऱ्यात उभ्या मामाच्या गुडघ्यावर बसली.

वर ठपका कुणावर? मामावर! गाठ सैल बांधली म्हणे. माझं डोकंच फिरलं. यंत्र दुरुस्त झालं, साहेबांना बढती मिळाली आणि आयुष्यभर दुसऱ्यांना झेलणारा माणूस पाय मोडून घरी, वर निष्काळजी म्हणून बदनाम. बॅटरीचं शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. एका वेल्डरने ते मामीच्या कानावर घातलं, तेही हळूच. चौकशीत मात्र सगळ्यांची दातखीळ बसली होती.

महिन्याभराने साहेब स्वतः घरी आले. नव्या माणसांना जाळी जमत नव्हती.

"मामा, पुढची चाचणी आलीय. एकेरी लावू की दुहेरी, तेवढं सांगा."

मामीने चहाचं विचारलंही नाही. मी तोंड उघडणार, तोच मामाने मला हाताने थांबवलं.

"वजन किती?"

साहेबांनी मामीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फलकावरचा तोच आकडा सांगितला.

"मग एकेरीच लावा," मामा म्हणाला, "आणि कोपऱ्यात तुम्ही उभे राहा."