जसं वाढाल तसा तो वाढतो

बाविसाव्या वर्षी मी जितकी शहाणी होते, तितकी पुढे कधीच झाले नाही. दोन वेण्या, छातीशी धरलेली फाइल आणि आरशासमोर घोटून घोटून गुळगुळीत केलेलं इंग्रजी. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून सांगलीला एमएस्सीला आलेली पहिली मुलगी मीच. ‘सूक्ष्मजीवशास्त्र’ हा शब्द मी मुद्दाम सावकाश उच्चारायची, म्हणजे समोरच्याला दबायला पुरेसा वेळ मिळे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “जिवाणूला खाणं कमी पडलं, तर त्याच्यातले रायबोसोम वाढतील की घटतील?”

रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिनं तयार करणारी बारकी यंत्रं, एवढं पुस्तकातलं पाठ होतं. पुढचं मी घरून आणलं.

“वाढतील सर. अडचणीच्या दिवसांत दुप्पट राबावं लागतं.”

“ते तुमच्या वडिलांना राबावं लागत असेल. जिवाणूला नाही.”

आता इथे गप्प बसावं की नाही? पण शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. मी म्हणाले, “सर, स्वाभिमान जिवाणूलाही असतोच की!”

नापास झाले. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की लग्नामुळे शिक्षण राहिलं. बिचाऱ्या लग्नाने चाळीस वर्षं माझ्या नापास होण्याचा आळ अंगावर घेतला.

आमचे हे फौजेत. मला सांगलीत खोली करून दिली आणि गेले सीमेवर. रिकामं बसणं जमेना म्हणून कॉलेजच्या वसतिगृहाजवळ खानावळ काढली. चाळीस पोरं जेवायला, दोन चुली आणि भाकरी थापायला दोन बायका. त्यातल्या थोरल्या मावशी म्हणजे आमच्या खानावळीचा कणा. पीठ मळून उंडे करणारी वेगळी. ती एकेक उंडा आणून द्यायची आणि मावशी थापायच्या.

मग पलीकडची खानावळ बंद पडली, आणि एका सोमवारी दारात नव्वद पोरं उभी राहिली. मला वाटलं, आता आपण कारभारी. पदर खोचला आणि चुलीजवळ जाऊन ओरडायला लागले, “उरका, उरका! हात चालवा!” दोन दिवस हेच. भाकऱ्या निघाल्या भराभर, पण मधे कच्च्या. तिसऱ्या दिवशी पोरांनी एक भाकरी भिंतीवर चापटली आणि ती तिथेच चिकटून राहिली. खाली कोळशाने लिहिलं, ‘सूचना फलक’.

मी मावशींवर चढले, तर त्यांनी थापता थापता मान वर केली.

“आवं वैनी, भाकरीला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागनार. तुमी वराडून ती फुगायची न्हाई. चुली वाढवा, बाया वाढवा. आन् तुमी जरा भाईर जावा.”

मी बाहेर गेले. कुणीतरी स्पष्ट सांगितलं तर मी ऐकत असे. फक्त तसं सांगणारं फार कुणी भेटत नसे. दोन चुली आणखी मांडल्या, तीन बायका आणल्या. पहिल्या दिवशी तर ताटं आधी होती तितकीच गेली, सगळा वेळ चुली लिंपण्यात आणि तवे आणण्यात गेला. मी कुरकुरले. पण दुसऱ्या दिवसापासून नव्वद पोरं पोटभर जेवून ढेकर देत गेली.

दिवाळीत वसतिगृह रिकामं झालं, तेव्हा मी पुन्हा शहाणी झाले. पीठ मोजकंच, तरी पाचही बायका, चारही चुली चालू. “काम थांबता कामा नये” हे माझं ब्रीद. चुली पेटत्या, तवे तापलेले, आणि पीठ मळणारी रिकाम्या हाताने येऊन उभी. तिला तसं बघितल्याबरोबर मावशी गरजल्या, “उंडा न्हाई तर जळन कशाला जाळताय? इझवा चुली!” मला विचारलंसुद्धा नाही. चार मिनिटांत तीन चुली शांत.

मी तेव्हा रागावले होते. समोर साक्षात शास्त्र उभं होतं आणि मी सरपण मोजत बसले होते.

खानावळ बंद करून आम्ही साताऱ्याला लेकाजवळ राहायला आलो. नातवंडं शाळेत जायला लागली, तेव्हा मी इथल्या कॉलेजात एमएस्सीला पुन्हा नाव घातलं. वर्गातल्या मुली मला ‘आजी’ म्हणायच्या आणि माझ्याच नोट्स मागायच्या. शेवटच्या सत्रात विषय निवडायचा होता. मी डूख धरून तोच निवडला: जिवाणूच्या वाढीचा वेग बदलला की रायबोसोमचं उत्पादन कसं बदलतं. साऱ्या कॉलनीत सांगून बसले होते की या वेळी पदवी घेणारच. आता नापास झाले असते, तर दोष ढकलायला दुसरं लग्नही शक्य नव्हतं.

तोंडी परीक्षेच्या सकाळी हे म्हणाले, “भीती वाटत्येय?”

“अहो, तुम्ही सीमेवर भीत होता का?”

“रोज,” ते म्हणाले. त्या एका शब्दाने मला फार धीर आला.

परीक्षक बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. सुरुवातीलाच म्हणाल्या, “आजी... माफ करा, मॅडम. खाणं भरपूर मिळालं की जिवाणू रायबोसोमची संख्या का वाढवतो? आहेत त्यांचाच वेग का नाही वाढवत?”

मला समोर भिंतीवरची भाकरी दिसली.

“एक रायबोसोम किती भराभर काम करणार, याला मर्यादा आहे. बरी वाढ चालू असताना तो वेग फारसा बदलत नाही. म्हणून पेशी यंत्रंच वाढवते. आणि चांगलं खाणं मिळालं की आधी रायबोसोम वाढतात, मग वाढीचा वेग. आधी चुली, मग भाकरी.”

“आणि उपासमार झाली तर?”

हाच तो. चाळीस वर्षं माझी वाट बघत बसलेला प्रश्न.

“घटतात,” मी म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. “रायबोसोमकडे अमिनो आम्ल आणून देणारा रेणू रिकाम्या हाताने आला, की तिथूनच धोक्याचा निरोप सुटतो. त्या निरोपाचा एक छोटा रेणूच तयार होतो, आणि तो नव्या रायबोसोमसाठी लागणाऱ्या आरएनएचं काम थांबवतो. वरून हुकूम यायची वाट कुणी बघत नाही.”

बाई पुढे झुकल्या. “रायबोसोम स्वतःचेही भाग बनवतात. मग भरपूर खाणं असताना सगळी ताकद त्यांच्यातच का घालू नये?”

“सगळ्या बायका भाकरीला बसवल्या तर आमटी कोण ढवळणार?” तोंडातून गेलंच. मग सावरून सांगितलं, की अन्न पचवणारी, कच्चा माल पुरवणारी प्रथिनंही हवीत. एकीकडे जास्त दिलं की दुसरीकडे कमी पडतं. “मॅडम, आपल्या मराठीत ‘वाढणं’ म्हणजे मोठं होणं, आणि ‘वाढणं’ म्हणजे ताटात घालणं. जिवाणूला हे मराठी पक्कं कळतं. जसं वाढाल तसा तो वाढतो.”

बाई हसल्या, आणि शेजारच्या सरांना म्हणाल्या, “हे मी उद्यापासून माझ्या वर्गात वापरणार.”

निकाल लागला तेव्हा मी मंडईत होते. मोबाइलवर वर्गातल्या मुलीचा फोन, “आजी, फर्स्ट क्लास! तोंडीत तुम्ही सगळ्यांत पुढे!” मी तिथेच मेथीच्या ढिगापुढे ओरडले, “पास झाले! रायबोसोममध्ये पास झाले!”

भाजीवाल्या बाईंनी काळजीने माझ्याकडे पाहिलं. “रिपोट आला व्हय काकू? चांगला हाय न्हवं?”

“लय चांगला,” मी म्हणाले. “असला रिपोट माझा जन्मात आला नव्हता.”

“मग झ्याक झालं. पर तब्येतीला जपा आता,” त्या म्हणाल्या आणि एक जुडी वर टाकली.

मी ती घेतली, आणि पुढच्या टोमॅटोवाल्यालाही सांगायला गेले.