इस्तारीभाऊंचे वाफेचे विमान

पोंभुर्ण्याच्या आमच्या भातगिरणीत तेव्हा सगळे काम वाफेवर चाले. भाताचा कोंडा जाळून बॉयलर तापवायचा, आणि त्या बॉयलरचे धनी इस्तारीभाऊ. माझे यजमान गिरणीचे व्यवस्थापक होते, पण भट्टीपाशी तेही इस्तारीभाऊंना विचारूनच पुढे होत. पाणी कमी पडले की बॉयलर फुटतो, हे भय इस्तारीभाऊंच्या अंगात मुरलेले. घरी चुलीवरच्या भातातसुद्धा ते उठून पाणी ओतत. त्यांची बायको गोकुळाबाई म्हणे, "आमच्या घरी भात नाई शिजत बाई, पेजच होते."

१९८३च्या दिवाळीनंतर ठरले, की नव्या वर्षापासून गिरणी विजेच्या मोटारीवर चालायची. इस्तारीभाऊंना कोठीवर काम मिळणार होते, तरी त्यांचे कशात मन लागेना. त्यांना बरे वाटावे म्हणून मी सांगितले, की मी मिशनच्या शाळेत असताना सिस्टरनी एक जुनी बातमी वाचून दाखवली होती, अमेरिकेत वाफेच्या इंजिनावर विमान उडाल्याची.

"पाणी किती नेलं असन त्यानं?" त्यांनी विचारले.

ते काही मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, मोटार यायच्या आधी एकडाव वाफेनं जमीन सोडली पाह्यजे. मंग खुशाल कोंडा मोजत बसतो."

मग त्यांच्या घरी एक छोटे विमान जुळू लागले: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, सायकलच्या पंपाचे इंजिन, डब्याच्या पत्र्याचा पंखा. बॉयलर म्हणून गोकुळाबाईचा पितळी गडू गेला. कोंडा फार जड, म्हणून खाली जाळायला मोहाची पहिल्या धारेची दारू.

"लोकं पिऊन उडते," गोकुळाबाई म्हणाली, "अन् हा जाळून उडवून राह्यला."

खळ्यात मळणीचे बैल ज्या मेढीभोवती फिरतात, तिला दोरीने विमान बांधले. ते बैलासारखेच गोल गोल धावले, पण जमीन सोडीना. दुसऱ्या खेपेसही तेच झाले. यजमान म्हणाले, "इस्तारी, गडू काठोकाठ भरता तुम्ही. पाण्याचंच ओझं होतं. निम्मं घाला."

"साहेब, निम्म्याच्या खाली पाणी म्या कधी येऊ देल्लं नाई."

गिरणीचा बॉयलर विझवायचा दिवस आला. त्या संध्याकाळी सगळे मजूर खळ्यात जमले. इस्तारीभाऊंनी गडू नेहमीसारखाच भरला. विमान फेऱ्या घालू लागले. पाणी आटत गेले तसे हलके होऊ लागले, आणि एका फेरीला चाके उचलली गेली. आधी गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे वर गेले. मजूर हसत होते, शिट्ट्या मारत होते. इस्तारीभाऊ मात्र मान खाली घालून कान देऊन ऐकत होते. वाफेचा आवाज बदलला होता.

"पाणी सरलं," ते पुटपुटले.

"राहू द्या न, चांगलं उडून राह्यलं ते," गोकुळाबाई म्हणाली.

तोवर इस्तारीभाऊ मेढीपाशी पोचले होते. त्यांनी दोरी हाताशी ओढली, विमान खाली घेतले आणि ज्योतीवर ओले पोते टाकले.

यजमानांना राहवले नाही. "अहो, आणखी चार फेऱ्या झाल्या असत्या."

"झाल्या असत्या साहेब. पर कोरड्या बॉयलरखाली आग म्या ठेवत नाई."

मजूर कुरकुरत पांगले. तापल्या गडूत गार पाणी घालायचे नसते, म्हणून इस्तारीभाऊ तो निवेपर्यंत तिथेच बसून राहिले. आम्ही दोघेही थांबलो. गोकुळाबाईने चहा आणून दिला. अर्धा कप प्याल्यावर त्यांनी तिला हळूच विचारले, "जमीन सोडली होती न?"

"म्हंजे? तुमी नाई पाह्यलं?"

"माह्यं ध्यान पाण्याकडं होतं."

गोकुळाबाई उठली, मेढीपासून चार पावले दूर गेली आणि कमरेपाशी हात आडवा धरून, विमान गेले तसे, मेढीभोवती एक फेरी चालली. इस्तारीभाऊ कप खाली ठेवून तिच्या हाताकडे पाहत होते.