नव्या भाताचे दोन घास

डॉक्टरांनी थर्मामीटर माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, "वाचा." एकशे तीन. मग म्हणाले, "आता स्वतःची नाडी मोजा." भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी मोजली. ब्याऐंशी.

"ताप एवढा आणि त्या मानानं नाडी इतकी संथ. नर्सबाई, काय असावं?"

परीक्षेत विचारतात तसं त्यांनी विचारलं आणि मीही परीक्षेतल्यासारखं उत्तर दिलं, "टायफॉईड, सर." उत्तर बरोबर आलं याचा आनंद आधी झाला. ते माझ्याबद्दल होतं हे मागाहून लक्षात आलं.

लोणावळ्याच्या त्या इस्पितळात मी रुग्ण म्हणून गेले नव्हते. नोकरी मागायला गेले होते. पुण्याला तीन वर्षं शिकून पास झाले होते. आंदर मावळातल्या आमच्या घरात सही करणारी मी पहिली, हे मी आजही सांगते, कारण ते खरं आहे. चुलते म्हणायचे, परक्यांची अंगं पुसायला शाळा कशाला लागते? आईनं तरी मला पुण्याला पोचवलं. आता नोकरी न घेता परतले असते, तर ते बोलणं तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

म्हणून आठवडाभर अंगात ताप असताना मी कुणाला सांगितलं नाही. डोकं ठणकायचं, जेवण जात नव्हतं. मुलाखत छान झाली. राहिली होती ती फक्त तब्येतीची तपासणी. तिथंच सापडले.

रक्त तपासायला पाठवलं. त्याला विडाल टेस्ट म्हणतात. टायफॉईडच्या, म्हणजे विषमज्वराच्या, खुणा रक्तात दिसतात का ते त्यात बघतात. दिसल्या. मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या नर्सवरच्या मुख्य बाई, खाटेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "जागा ठेवते. पण वचन देत नाही."

पहिले दिवस फारसे आठवत नाहीत. ओल्या फडक्यानं अंग पुसणं, बार्लीचं पाणी, पातळ दूध, चमच्यानं मोसंब्याचा रस. जी कामं मी दुसऱ्यांची केली होती ती माझी होत होती. पाण्याचा पेला दोन वीत लांब ठेवला तर तो रुग्णाच्या दृष्टीनं पुण्यात असतो, हे तेव्हा कळलं. पुस्तकात हे नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताप उतरू लागला आणि भूक लागली. टायफॉईडमध्ये हीच वेळ नाजूक. आतड्यात जखमा असतात. आमच्या इस्पितळात तेव्हा घट्ट अन्नाचा कणही देत नसत, कारण परफोरेशनची भीती. म्हणजे आतड्याला भोक पडतं आणि माणूस हातचा जातो. हे मला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे भात झोडून झाला. आई वडगावापर्यंत चालत आणि तिथून आगगाडीनं आली. भेटीच्या वेळी खाटेशी बसली आणि पदराखालून फडकं काढलं. आत केळीच्या पानात नव्या आंबेमोहराचा मऊ भात होता. भाताच्या हंडीचं झाकण काढल्यासारखा वास आला.

आमच्याकडे नवं शिजलं की पहिला घास देवाला, मग गुरांना, मग घरातल्या प्रत्येकाला. शेवटचं माणूस खाईपर्यंत घरची बाई स्वतः नवं तोंडात घालत नाही.

"समद्यांनी खाल्लं, पारू," आई म्हणाली. "तुझाच घास राह्यलाय."

म्हणजे ती अजून खायची होती. तिनं माझ्या तोंडाशी घास धरला. मी दोन खाल्ले. बेशुद्धीत नाही, शुद्धीवर. आई समाधानानं पान दुमडू लागली आणि मला परफोरेशन आठवलं.

सांगितलं, तर स्वतःचंच पथ्य मोडणारी नर्स कोण ठेवून घेईल? नाही सांगितलं आणि रात्रीत पोट दुखू लागलं, तर कशामुळे हे शोधण्यात डॉक्टरांचा वेळ जाईल. चार वाजता ताप बघायला नर्स आली. मी तिला म्हटलं, मेट्रनबाईंना बोलवा.

मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आई मधेच उठली.

"बाई, चूक माजी हाय. तिला नोकरीवरनं काढू नगा."

"नोकरी अजून दिलेलीच नाही."

"मंग काढनार कशी?" आई म्हणाली.

मेट्रनबाईंनी तोंड फिरवलं. हसल्या की चिडल्या, मला दिसलं नाही. आईला त्यांनी दोन दिवस भेटायला मनाई केली. ती गेली नाही, बाहेर पायरीवर बसून राहिली. दर तासाला कुणीतरी माझं पोट दाबून बघे. कडक झालं तर धोका. झालं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वाचलात. पण यावरून भात चालतो असं कुणाला सांगू नका."

मी उठून बसू लागल्यावर मेट्रनबाई आल्या. "तू खाल्लंस याचा मला अजून राग आहे," त्या म्हणाल्या. "पण इथं रोज कुणी ना कुणी काहीतरी लपवून आणतं आणि आजवर एकानंही मला येऊन सांगितलेलं नाही. भेटीच्या वेळी दारात तू उभं राहायचंस."

अशी मला पहिली नोकरी मिळाली. टायफॉईडनं केस गेले होते. नर्सची टोपी पिनांनी टिकेना. पण उभी राहिले.

पहिल्या आठवड्यात मी नुसती फडकी काढून घेतली. बायका बोलायच्या, "नर्स झाली म्हंजी आपली न्हाई ऱ्हायली." मग कुरवंड्याची एक म्हातारी नवऱ्यासाठी नवा भात घेऊन आली. त्यालाही टायफॉईड होता. मी फडकं घेतलं नाही. तिला खाटेपर्यंत नेलं आणि म्हटलं, "मावशी, आबांना नुसता हात लावू द्या. आन् त्यांच्या नावानं तुमी खा."

तिनं विचारलं, "देवाला चालंल?"

"देवाला आपन तसंच दावतो की. खातो आपनच."

ती तिथंच बसून रडत रडत खाऊ लागली आणि म्हातारा तिच्याकडे बघत राहिला.

तुमच्या घरी हा ताप आला तर तो लपवू नका. टायफॉईडवर तेव्हा नेमकं औषध नव्हतं, शुश्रूषा हेच औषध होतं. आणि चूक झालीच, तर नर्सला लगेच सांगा. ती रागावेल. रागावू द्या.

पुढच्या वर्षी नव्याला घरी गेले. कुरवंड्याच्या मावशीची गोष्ट आईला सांगितली. ती ताट वाढता वाढता थांबली.

"येवढं ठावं व्हतं, तर त्या दिशी मला का न्हाई सांगितलंस?"

"त्या दिवशी मी नर्स नव्हते, आई."

"मंग कोन व्हतीस?"

"भुकेली."

आईनं माझ्या ताटात आणखी भात वाढला, मी पहिला घास खाईपर्यंत बघत राहिली, आणि मग स्वतःसाठी पान घेतलं.