नत्थूजींचं जर्मन मशीन

सिंदी मेघेतल्या नत्थूजी भोयरांच्या दुकानाला पाटी नाही. दारात पडलेल्या ड्रमांवरून कळतं की इथं कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त होतात. एका रुग्णालयाच्या धोबीखान्यात सव्वीस वर्षं मशीनं सांभाळून ते निवृत्त झाले आणि तेच काम घरी घेऊन बसले. त्यांचा एक नियम सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. आधी आतलं, मग बाहेरचं. मशीन चालल्याशिवाय ते पत्र्याला रंग लावत नाहीत. नुसता रंग मारून मागणाऱ्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलेलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर सुमतीबाईंनी त्यांना बोलावलं. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान बंडोपंत कारखान्याच्या प्रशिक्षणाला जर्मनीत गेले होते, तेव्हा त्यांनी एक मशीन आणलं होतं. एकाच ड्रममध्ये कपडे धुवायचे आणि गरम हवेनं वाळवायचेही. पुढं बंडोपंत वारले, मशीन तीस वर्षं बंद पडून राहिलं, उंदरांनी वायरी खाल्ल्या.

"गुडघ्यांमुळे ओले कपडे घेऊन गच्चीवर जाववत नाही हो," बाई म्हणाल्या. "हे चालू झालं तर मी सुटेन."

नत्थूजींनी त्याच दिवशी मशीन उचललं.

सहा महिने ते त्यातच होते. वाफेचं पाणी करणारी नळी क्षारानं बुजली होती, ती लिंबूसताच्या पाण्यात चार दिवस बुडवून ठेवली. दाराचं रबर कुठंच मिळेना, तेव्हा दुसऱ्या मशीनचं कापून, जोडून बसवलं. टायमरच्या पितळी चकतीचे दात झिजले होते. नवी चकती त्यांनी कानशीनं घासून घासून घडवली. रुख्माबाई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "इतकं निरखून तं तुम्ही मले लग्नातबी नाई पाह्यलं."

बाईंचा मुलगा सुश्रुत पुण्यात हॉटेलांची सजावट करतो. त्याचा दर रविवारी फोन यायचा. नत्थूजी त्याला हीटरचं, थर्मोस्टॅटचं सांगत बसायचे. तो "मस्त, काका" म्हणायचा आणि रंग कधी होईल ते विचारायचा.

एप्रिलमध्ये एका दुपारी मळकी चादर आत गेली आणि तीन तासांनी धुतलेली, कोरडी, कोमट बाहेर आली. नत्थूजींनी ती गालाला लावून पाहिली. मग रंग दिला, मूळचा सायीसारखा. बाईंना वाकावं लागू नये म्हणून, कुणी सांगितलं नसताना, नऊ इंच उंचीचं लोखंडी स्टँडही केलं.

शुक्रवारी मशीन बाईंकडे पोचलं. शनिवारी सकाळी नत्थूजी नळाला जोडायचा पाइप घेऊन गेले, तर फाटकात टेम्पो उभा होता. मशीनचा मागचा पत्रा काढलेला. दोन माणसं मोटारीचे बोल्ट सोडवत होती. स्टँड कुंपणाला टेकवलेलं होतं.

पुण्याहून आलेल्या सुश्रुतनं मोकळेपणानं सांगितलं की मशीन एका हॉटेलात दर्शनी भागात ठेवायचं आहे, ड्रममध्ये बाटल्या आणि दिवे. आतलं वजन तेवढं काढायचं. बाईंना हे माहीत नसेल, असंच नत्थूजींना वाटलं. त्या दारात उभ्या होत्या.

"बाई, तुमाले मालूम होतं?"

"आमचं आधीपासूनच ठरलं होतं, नत्थूजी," बाई म्हणाल्या. "शोभेसाठी हवंय म्हटलं असतं तर तुम्ही हात लावला असता का? आणि तुमच्यासारखा रंग इथं कुणी देत नाही."

"मंग गुडघे?"

"गुडघे दुखतातच की. पण धुण्याला आनंदाबाई येते ना."

एका माणसानं हातोडा उचलला. नत्थूजींनी त्याचा हात धरला, पाइप खाली ठेवला आणि स्वतः मांडी घालून बसले. मोटार, हीटर, टायमर, सगळं एकेक करून सोडवलं. ज्या क्रमानं बसवलं होतं त्याच्या उलट क्रमानं. वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं. पाऊण तास लागला. पत्र्याला कुठं ओरखडा आला नाही.

"पार्ट तुम्हीच ठेवा, काका," सुश्रुत म्हणाला. त्यांनी काही घेतलं नाही. बाईंनी चहा आणला तोवर ते फाटकाबाहेर होते. "येतो" म्हणाले नाहीत.

आता दुकानात कुणी मशीन आणलं की नत्थूजी आधी मळलेले कपडे मागतात. गाठोडं समोर आल्याशिवाय पत्रा खोलत नाहीत. परवा एक बँकेतले साहेब चिडले. घरचे मळके कपडे रस्त्यानं मिरवत आणायचे का, म्हणाले.

"मशीन धुण्यासाठी हाय ना?" नत्थूजी म्हणाले. "मंग आना."

साहेबांनी मशीन पुन्हा ऑटोत चढवलं. रुख्माबाई म्हणाल्या, अशानं गिऱ्हाईक तुटेल. नत्थूजींनी मान हलवली. काही जण गाठोडं घेऊन परत येतात, काही येत नाहीत.