खात्री नसताना केलेली सही

नुकती जन्मलेली मुलगी रडत होती आणि माझं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भपिशवी काढावी लागेल, नाहीतर बाई हातची जाईल. माझा नवरा त्यांनी दिलेला संमतीचा कागद हातात धरून म्हणत होता, "मले सही करता येत नाही." लिहिता येत होतं त्याला. पाप लागेल म्हणून करत नव्हता.

आम्ही नागपूरकडचे कॅथलिक. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा नवरा रेल्वेची नोकरी सोडून तिथे फिटर म्हणून लागला. तिसऱ्या बाळंतपणातच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, पुढचं मूल झेपणार नाही. मूल बंद करायचं ऑपरेशन चर्चला मान्य नाही, मूल टाळायची साधनंही नाहीत. दुर्गहून येणारे फादर म्हणाले, संयम ठेवा, तेही प्रेमच आहे. फादरना सांगायला काय जातं, असं मला वाटलं. नवऱ्याने मात्र मनावर घेतलं. तो मागून मागून रात्रपाळी घेऊ लागला; दिवसा घर मुलांनी भरलेलं असे. शेजारची रायपूरची वहिनी विचारी, "तुमचे हे घुबड हायेत का जी? रोज रातचेच कावून जाऊन राहिले?" मी म्हणे, "उजेडात डोळे दुखतेत त्यायचे."

मग एकदा पाय मुरगळून तो काही दिवस घरी राहिला. आम्ही नवराबायको होतो, त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही. पण दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा जी भीती उरात बसली, ती उठलीच नाही. माळ जपताना तोंडात देवाचं नाव असे आणि डोक्यात एकच, माझ्यामागे पोरांना जेवू कोण घालेल.

आणि आता हा कागद. "फादरले विचारून येतो," तो म्हणाला. फादर त्या दुपारी कुठल्या गावी होते, कोणाला ठाऊक नव्हतं. मला बोलवत नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं. वाटलं, या माणसाला माझ्यापेक्षा नियम मोठा. देवाचाही राग आला. प्रार्थना काही आली नाही.

शेजारच्या खाटेवर केरळची एक बाई होती, आदल्या दिवशी बाळंत झालेली. गळ्यात क्रूस. ती भिंत धरून उठली.

"भैया, बच्चा बंद करने का ऑपरेशन अलग. ये खून बंद करने का है. मेरी अम्मा का हुआ था. फादर खुद बोला, करो."

"पक्का?"

"तुम्हारा औरत मर रहा है, और तुम पक्का पूछता है?"

तिला तो ओळखत नव्हता. ती खरं बोलते की नाही, कळायला मार्ग नव्हता. आणि हा तर नरक खरा मानणारा माणूस. "चुकत असन तर माह्या माथी टाक, येशू," असं म्हणून त्याने सही केली. त्यापुढचं मला आठवत नाही.

रविवारी फादर आले. त्यांनीही त्या बाईसारखंच सांगितलं. मी म्हटलं, मग हे लग्नाच्या वेळीच सांगायचं होतं.

त्या बाईला देवाने पाठवलं की ती आपल्या बाळंतपणाला आली होती, यावर मी वाद घालत नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. तिच्यासाठी रोज एक नमो मरियाची प्रार्थना म्हणते. देवावर सोपवणं त्या दिवशी मला जमलं नाही. ते माझ्या नवऱ्याने केलं, आणि मी त्याला नियमाला जुंपलेला बैल समजत होते.

मुलगी जगली. मीही जगले.