पायरीखालची चप्पल

ड्रायव्हर म्हणून माझा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी मी चप्पल विसरलो. घरी नाही, गाडीच्या पायरीखाली.

मालकांच्या अंगणात लक्झरी बस उभी होती. धुतलेली, पुसलेली, काचेवर झेंडूची माळ. दार उघडलं तर आतून गार वास आला. खाली लाल मॅट. माझे पाय आपोआप चपलेतून निघाले. कुणी सांगितलं नव्हतं. चप्पल जोडीनं पायरीखाली नीट लावली, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि चढलो. आरशात मिशी सारखी केली. गाडी थोडी मागं घेतली, मग पुढं, आणि ऐटीत निघालो. मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्यबाजारापर्यंत, ब्रेक, क्लच सगळं थेट तळव्याला लागत होतं. मला वाटलं, भारी गाडीचं असंच असत असेल.

माजलगावच्या मोंढ्याच्या फाटकाशी वऱ्हाड थांबलं होतं. मालकांच्या सोयऱ्यात लग्न, मांजरसुंब्याच्या अलीकडं मंगल कार्यालय. बॅगा ठेवायला मी डिकी उघडायला उतरलो. मालकांचा पुतण्या, ज्याला सगळे भय्या म्हणतात, वऱ्हाडाचा कारभार त्याच्याकडं होता. तो माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता. खाली बघत होता.

"ड्रायव्हर, पायात काय न्हाई बे?"

मी खाली बघितलं. तेव्हा मला कळलं.

"अंगणात राहिली, भय्या. चढताना काढलती."

"काढलीस कावून?"

मी एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला.

बाया खिदळल्या. मोंढ्यातले हमालही पोतं पाठीवर तसंच धरून थांबले. भय्यानं मोबाईल काढला.

"कोयत्यावाल्याला लक्झरी दिली की असं हुतंय. पाय वर कर. आजून वर. टाच दाव, टाच. लई भारी! ह्या पायानं ब्रेक मारतोस का उसाची कांडी मोडतोस?"

आणि मी पाय वर केला.

एका हातानं डिकीचं दार धरून, एका पायावर उभा राहून. बैलाला नाल ठोकायचा तर चार माणसं लागतात, दोर लागतो, त्याला पाडावं लागतं. तो मरेस्तोवर झटतो. मी एका शब्दावर पाय दिला. टाचेच्या भेगा, त्यातली काळी माती, सगळं नीट दिसावं म्हणून थोडा वळवलासुद्धा.

आणि हसलो. सगळ्यांच्या आधी मीच हसलो.

आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, "किती कोयते?" म्हणजे किती जोड्या. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते, फळीवरून ट्रॉलीत चढवते. कौसा आणि मी लग्न झाल्यापासून एक कोयता होतो. पोरं उसाच्या फडाच्या कडंला वाढली. मग चाळिशी उलटल्यावर मला अवदसा आठवली. कारखान्यावर ट्रॅक्टर हाकता हाकता मोठ्या गाडीचा हात बसला, लायसन काढलं, आणि मालकांनी लक्झरी दिली. गावात सांगितलं, "आपण आता ड्रायव्हर." कौसाला मात्र सांगितलं नाही की तू आता अर्धा कोयता. ते मुकादमानं सांगितलं. अर्धा कोयता कोणी घेत नाही. शेवटी तिच्या भावानं तिच्यासंगं जोडी लावली, म्हणून ती ह्या वर्षी फडावर उभी राहू शकली. मी एसीत बसणार म्हणून ती भावाच्या मागं मोळ्या बांधणार. असा माझा धंदा सुरू झाला.

तिनं तोंड वाकडं केलं नाही. एकच मागितलं. आमच्यात नवी गाडी हातात आली की घरच्या बाईनं चाकाला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मग चाक पुढं. तिची टोळी त्या दिवसांत गावाबाहेर कालव्याच्या कडंला तोडत होती, अगदी सडकेला लागून.

"तितनंच जाणार की तुमी. हारन द्या. कुंकू लावते, नारळ फोडते, जावा मंग."

"थांबतो की," मी म्हणालो. "माझीच तर गाडी हाय."

माझीच तर गाडी हाय! हे वाक्य आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

तर मोंढ्यातून निघालो. भय्या माझ्या शेजारी केबिनमध्ये, मोबाईलवर. पाठीमागून एकेकाच्या मोबाईलवर माझ्या पायाचा व्हिडिओ पोचल्याचे आवाज. पहिल्या सीटवर मालकांची थोरली बहीण, आक्का. कालवा आला. मी लांबूनच बघितलं.

कौसा सडकेच्या कडंला उभी होती. लुगड्यावर माझा जुना शर्ट, डोक्याला फडकं, तोंडावर उसाची काजळी. हातात ताटली, ताटलीत नारळ, कुंकवाचा करंडा. तिच्या मागं तिचा भाऊ, कोयता काखेत मारून. ताटली धरायला तिनं हात धुतले असावेत. मनगटापर्यंतच स्वच्छ होते.

माझा हात हॉर्नवर गेला होता. गेला होता, हे मी लिहितो, कारण तेवढंच माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं आहे.

मग वाटलं, ही आता येणार. वाकणार. चाकाला कुंकू लावणार. हे सगळे खिडकीतून बघणार. भय्या मोबाईल काढणार. मघाशी पाय झाले, आता बायको. मला माझी लाज नाही वाटली. खरं लिहायचं तर तिची वाटली. तिच्या शर्टाची. म्हणजे माझ्याच शर्टाची.

बाहेर मेव्हणा ओरडत होता. बंद काचेतून आवाज आला नाही, पण ओठ दिसले. दाजी. ओ दाजी.

आक्का म्हणाली, "ती बाई हात करती का रं?"

"टोळीवाली असंल, आत्या. फुकट बसायला बघती," भय्या म्हणाला. आणि मला म्हणाला, "दाब."

"हां, असंल," मी म्हणालो.

आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. उघड्या तळव्यानं.

लक्झरीचा आरसा लई मोठा असतो. त्यातलं माणूस लवकर संपत नाही. कौसाला वाटलं, मी पुढं बाजूला घेऊन थांबणार. ताटली सावरत ती चार पावलं पळाली. मग चालली. मग उभी राहिली. तेवढ्यात वळण आलं.

बीड गेलं, घाट आला. घाटात गाडी मी सुरेख चालवली. ते सांगावं लागेल, कारण दिवसभरात तेवढं एकच काम मी सुरेख केलं. आक्का म्हणालीसुद्धा, "पोटातलं पाणी हाललं न्हाई." मला बरं वाटलं. इतका हलका माणूस मी.

कार्यालयात ड्रायव्हर लोकांची पंगत मागं, जनरेटरजवळ. चांगलं जेवण होतं, खोटं कशाला बोलू. दोनदा वाढून घेतलं. वऱ्हाडाच्या गाडीच्या ड्रायव्हरला टॉवेल, टोपी, नारळ द्यायचा मान असतो. तो भय्यानं दिला. देताना चारचौघांत म्हणाला, "टॉवेल पाय पुसायला घे, मॅट घाण हुतीय."

मग एक पाहुणा आला, कुणीतरी नवरीकडचा. हातात मोबाईल. मोबाईलकडं बघायचा, माझ्या पायाकडं बघायचा. जुळवून बघायचा. "हेच का ते?" तो शेजाऱ्याला म्हणाला. दोघं हसले आणि गेले. दोघांनी एकदाही वर मान करून माझं तोंड बघितलं नाही.

तिथं काहीतरी झालं. मी जनरेटरजवळ बसलो होतो, मांडीवर मानाचा नारळ. मला कळलं की हे लोक मला उद्या रस्त्यात भेटले तर ओळखणार नाहीत. चप्पल घातली असली तर नाहीच. ह्यांच्याकडं मी पाय आहे. आणि ज्या बाईला माझं तोंड पाठ आहे, तिला मी सडकेवर सोडून आलो. ह्यांनी मला पायाएवढा केला. तिला मी तेवढंही ठेवलं नाही. 'हां, असंल' एवढंच ठेवलं.

परतीला उन्हं उतरली होती. वऱ्हाड पेंगुळलेलं. कालवा आला. फड अर्धा मोकळा झाला होता, ट्रॉली भरत आली होती. मी हॉर्न दिला, गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली.

भय्या दचकून जागा झाला. "काय झालं? पंक्चर?"

"न्हाई."

"मंग थांबलास कावून?"

"सकाळी हितं माझी बायकू उभी व्हती. चाकाला कुंकू लावायला. म्या थांबलो न्हाई. आता थांबलो."

"डोकं फिरलं का बे? चावी दे हिकडं."

"चावी अण्णांनी दिली," मी म्हणालो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. "वऱ्हाड घरला पोचवतो अन् अण्णांच्याच हातात देतो."

त्याला शिवी आठवायच्या आत आक्का उठली. "थांबू दे रं त्याला. मला बी कवाची उतरायची हाय." तिच्यामागं चार-पाच बाया लगबगीनं उतरल्या आणि उसाच्या आडोशाला गेल्या. माझं बंड चाललं होतं, आणि निम्मं वऱ्हाड त्यात लघवीला गेलं. आमच्या घराण्यात कुठलीच गोष्ट धड गंभीर होत नाही.

मी मानाचा नारळ घेऊन उतरलो. कौसा मोळी डोक्यावर घेऊन फळीकडं निघाली होती. तिनं मला बघितलं. थांबली नाही.

"कौसा, कुंकू लाव."

"कुंकू सकाळी व्हतं."

"आगं..."

"सकाळचं कुंकू म्या कोयत्याला लावलं. नारळ बी टोळीनं खाल्ला. तुमच्या चाकाला आता काय न्हाई."

मेव्हणा खाली बघून उसाच्या शेंड्यांचं वाढं सावडत राहिला. दाजी म्हणाला नाही.

मी नारळ बांधावर ठेवला आणि तिच्या डोक्यावरची मोळी ओढून माझ्या डोक्यावर घेतली. ती सोडत नव्हती. थोडी झोंबाझोंबीच झाली. मग फळीवर पाय ठेवला. अनवाणी. त्या भेगाळ टाचांनी फळी अशी धरली की जणू त्या तिथंच घडल्या होत्या. वर गेलो, मोळी टाकली, वळलो. गाडीच्या सगळ्या खिडक्यांत माणसं. खाली भय्या, मोबाईल हातात, शूटिंग सुरू.

मी फळीवरून म्हणालो, "घे, भय्या. सकाळी नुसते पाय घेतलेस. आता तोंड बी घे. अन् ती खाली उभी हाय ती माझी बायकू हाय. तिला बी घे. फुकट बसणारी न्हाई ती."

कुणी हसलं नाही. आक्का साडी सारखी करत आली, कौसाकडं बघितलं. गाडीत जाऊन बसली. भय्यानं मोबाईल खिशात घातला. त्याला माझं तोंड नकोच होतं.

मला वाटलं, कौसा आता तरी बघेल. ती दुसरी मोळी बांधायला वाकली होती.

वऱ्हाड पोचवलं. प्रत्येकाच्या दारात. मालकांच्या अंगणात गाडी लावली, तिथं अण्णा खुर्ची टाकून बसले होते. भय्याचा फोन आधीच पोचला होता.

"पोरगं हाय ते. मनावर घिऊ नको," अण्णा म्हणाले. आवाज मऊ. हा मऊ आवाज मी लहानपणापासून ऐकलाय. त्यानंच आमच्या बापाची पाठ वाकवली. "पण वाटंत गाडी थांबवायची न्हाई परत. आपली शिस्त हाय."

मी चावी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"थांबवणार, अण्णा. वाटंत माझं माणूस उभं असलं तर थांबवणार. अन् पाय कुणाला दाखवणार न्हाई. ह्यात बसत असंल तर चावी द्या. न्हाई तर दुसरीकडं स्टेरिंग बघतो. कोयत्याला परत जात न्हाई, अन् तुमच्या पायाशी बी बसत न्हाई."

अण्णा चावीकडं बघत राहिले. ड्रायव्हर सध्या मिळत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. "सकाळी ये," म्हणाले. "बघू."

चावी उचलली नाही. मला दिलीही नाही.

मग मी चप्पल शोधली. होती तिथंच होती. एक पालथी, एक सपाट. सकाळी ऐटीत गाडी मागं घेतली तेव्हा पुढचं चाक तिच्यावरून गेलं होतं. अंगठा तुटलेला, वर टायरची नक्षी. माझ्याच गाडीनं माझीच चप्पल. दोन्ही हातात घेऊन टोळीच्या कोप्यांकडं, पाचटाच्या झोपड्यांकडं, चालत गेलो.

दिवस मावळत होता. कौसा कोपीपुढं चुलीवर भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. अण्णांना काय बोललो, ते जरा रंगवून सांगितलं. तिनं भाकरी उलटली.

"मोंढ्यात पाय वर कर म्हणलं तवा केलात?"

"केला."

"हसलात?"

"हसलो."

भाकरी फुगली, तिनं ती माझ्या ताटात टाकली. मग माझ्या हातातली ती सपाट चप्पल घेतली, उलटसुलट बघितली आणि चुलीच्या बाजूला फेकली. पायातली स्वतःची रबरी चप्पल काढून माझ्याकडं सरकवली.

"उद्या ही घालून जावा. बाईची हाय म्हणून हसतील, हसू द्या. पण तुमी हसायचं न्हाई. अन् पायरीवर काढायची न्हाई. गाडी हाय ती, देऊळ न्हाई."