मळीच्या स्लॅबाखालची चवथ

शैलाबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे चार शब्द मागितले. माझी शाळा दुसरीत आटोपली. जास्त झाले तर संपादकांनी कापावेत, मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

पहिली ओळख पेडणे तालुक्यातल्या आमच्या हळर्ण गावी, घराच्या अंगणात झाली. गणपतीच्या खोलीचे वासे वाळवीने खाल्ले होते आणि कौले काढून तिथे स्लॅब घालायचा होता. माझा मुलगा गुरुदास म्हणाला, डिचोलीहून इंजिनियर येतात. स्कूटरवरून शैलाबाई उतरल्या. पायांत चिखलाचे बूट, हातात राखाडी पिठाची पिशवी.

"ह्यां काय गो, रांगोळी?" मी विचारले.

"न्हय माई. लोखंडाच्या भट्टीतली मळी, बारीक दळलेली. अर्ध्या सिमेंटाच्या जागी ही घालूया."

"कारखान्यान टाकलेलां माझ्या गणपतीच्या डोक्यार? बाये, तुझ्या घरात घातलंस?"

"घातलंय. त्याच खोलीत मी निजतंय."

मी त्यांना आत नेऊन गणपतीची खोली दाखवली. एवढ्या लवकर मी कुणाला आत घेत नाही.

त्यांचे म्हणणे असे, की मळीचे ढीग नुसते पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी छपराला लागावेत. तेवढे सिमेंट कमी लागेल आणि त्यासाठी खणायचा एखादा डोंगर वाचेल. कुठला डोंगर वाचला ते मला अजून दिसलेले नाही. खणून संपवलेले डोंगर मात्र डिचोलीच्या बाजूला पुष्कळ पाहिले, म्हणून मी हो म्हटले.

माणसांच्या बाबतीतही त्यांची नजर तशीच. सिंधुदुर्गातून आलेली सुमन कामावर माल कालवायची. तिची बोटे सिमेंटने खाल्ली होती. शैलाबाईंनी रबरी हातमोजे आणून दिले, गवंडीकाम करणाऱ्या मेस्तालाही. मेस्त कुरकुरला, "बाईनू, हातमोजे घालून मी काय डॉक्टर होतलंय?"

"डॉक्टराकडे जावचां लागू नये म्हणान घाल," त्या म्हणाल्या. त्याने घातले.

त्या वर्षी पाऊस उघडेना, त्यामुळे स्लॅब ओतायला श्रावण उजाडला. गणपतीची चवथ तोंडावर आली तरी खोलीत स्लॅब पेलणाऱ्या टेकूंचे रान तसेच उभे. मेस्ताला टेकू दुसऱ्या कामावर हवे होते. "एवढ्या दिवसांत माझो स्लॅब दगड जाता," तो म्हणाला. त्याचा हिशेब नेहमीच्या सिमेंटचा होता. गुरुदासला ते पटले, मलाही पटले. मेस्ताने पहार हातात घेतली आणि तेवढ्यात शैलाबाई आल्या. स्लॅबाच्याच मालाचे ठोकळे त्यांनी यंत्रात घालून फोडून बघितले होते. ते अजून कच्चे होते.

"मळीचां काँक्रीट सावकाश पिकता माई, आणि पावसाच्या गारव्यात आणखीच सावकाश. टेकू काढूचे नाय."

"अगो, गणपती खांबांत बसवू? सावंतवाडीची माणसां येतली. लोक हासतले!"

"लोक हासले तर माझां नाव सांगा. स्लॅब पडलो तर नाव सांगूक कोण उरतलो?"

मेस्ताने पहार खाली ठेवली.

गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी आम्ही टेकूंनाच बांधली. आरतीला मातीचे घुमट वाजवणाऱ्यांची कोपरे खांबांना लागत होती. सावंतवाडीहून आलेले नणंदेचे यजमान म्हणाले, "वयनीनू, गणपती बसवल्यात की मांडव घातल्यात?" लगेच त्यांचेच कपाळ खांबावर आपटले. मी म्हटले, "भावजीनू, जपान चला. टेकू हलतलो."

ठोकळ्यांनी ताकद धरली तेव्हा शैलाबाई टेकू काढायला स्वतः आल्या. स्लॅब वाकला असता तर आमची खोली जाणार होतीच. शिवाय सगळ्या पेडण्यात मळी म्हणजे घाण हे कायमचे ठरले असते आणि शैलाबाईंना पुढे कुणी अंगणात घेतले नसते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. मधल्या टेकूंपासून त्यांनी कडेकडे एकेक काढायला लावला. मी उघड्या जनेलाच्या चौकटीतून डोके आत घातले तर त्या ओरडल्या, "माई, मागे!" मला माझ्या घरात आजवर कुणी असे ओरडलेले नाही. मी मागे झाले.

शेवटचा टेकू निघाला. वर काहीच झाले नाही. ना आवाज, ना भेग. शैलाबाई अंगणात येऊन बसल्या. मी चहा दिला आणि बरोबर उंडा पाव. कप घेताना त्यांनी अर्धा चहा बशीत सांडला. तेव्हा मला कळले, की आम्हाला धीर देत फिरणारी ही बाई आमच्याहून घाबरलेली होती. "सुटलंय गो माई," एवढेच त्या बोलल्या. मलाही मोठा श्वास आला, तो मी त्यांना दाखवला नाही.

त्यानंतर किती पावसाळे गेले. चवथीला माणसे भरतात आणि रात्री त्याच स्लॅबाखाली आडवी होऊन घोरतात. पडल्या पडल्या वर बघायचे कुणाच्या मनातही येत नाही. शैलाबाईंच्या कामाला याहून मोठे प्रशस्तिपत्र मी तरी कुठून आणू?

देवाने त्यांना शंभर वर्षे द्यावीत, गुडघे धड ठेवावेत आणि स्कूटर चालवायचे बळ ठेवावे. आमची माणसे जशी त्यांच्या स्लॅबाखाली निर्धास्त झोपतात, तसेच त्यांच्या घरचेही त्यांच्याविषयी निर्धास्त राहोत.